चार भाकऱ्यांची सुट्टी

झुंबरराव गांगुर्डे चहा पिण्याआधी कपाला बाहेरून बोट लावतात. भाजेल या भीतीने नव्हे, चहा किती गरम आहे ते त्यांना कळायला हवं असतं म्हणून. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं ते बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये बसले. समोर भिंतभर काटे होते आणि काम एकच, एकाही काट्याने आपली जागा सोडता कामा नये. काटा खाली आला की घंटा वाजायची, आणि घंटा का वाजली ते लॉगबुकात लिहून खाली सही करावी लागायची. झुंबररावांच्या सहीखाली अशा नोंदी फार थोड्या आहेत, हे ते आजही सांगतात. बढाई म्हणून नाही. आपली उंची सांगावी तसं.

सामनगाव रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे आमचं बरंचसं बोलणं भिंतीवरूनच होतं. त्यांची मुलगी संजना शाळेत माझी विद्यार्थिनी होती. ती आता देवळ्याला नांदते. घरात झुंबरराव आणि यशोदाबाई दोघंच. आणि मागच्या अंगणात राजहंस.

खऱ्या राजहंसाशी या पाखरांचं काही नातं आहे की नाही मला ठाऊक नाही. पांढरी, लांब मानेची, नारिंगी चोचीची ही पाळीव पाखरं बदकाहून दुप्पट मोठी असतात, आणि आमच्याकडे त्यांना सगळे राजहंसच म्हणतात. अंगणामागून नाला वाहतो, नाल्यात साप. चार वर्षांपूर्वी यशोदाबाईंनी बहिणीकडून एक जोडी आणली, तेव्हापासून साप कुंपणाच्या आत आलेला नाही. नराचं नाव हवालदार. तो माणसांनाही सोडत नाही. पोस्टमन आमच्या फाटकाशी उभा राहून त्यांची पत्रं मला देतो. मादी मालन. ती यशोदाबाईंच्या मागे मागे मोरीपर्यंत यायची आणि त्या भांडी घासत तेव्हा शेजारी उभी राहून काहीतरी पुटपुटायची. यशोदाबाई तिला उत्तरं देत. संजना सासरी गेल्यानंतर त्या घरात सगळ्यांत जास्त बोलणं या दोघींचंच होत असे.

निवृत्तीनंतर झुंबररावांनी पहिलं वर्ष पंखे दुरुस्त करण्यात घालवलं, आधी स्वतःचे, मग कॉलनीचे. यंदाच्या जानेवारीत त्यांना यंत्र सुचलं. जुन्या फ्रिजचा सांगाडा, आत दोन बल्ब, एक लहान पंखा, पाण्याची वाटी, आणि अंबडच्या एका वर्कशॉपमधून आणलेला तापमान राखणारा बोर्ड. दाराला काच बसवली. मालनने सात अंडी घातली होती. ती झुंबररावांनी काढून घेतली.

"मादी किती बसेल, कधी उठेल, भरवसा नाही," ते मला म्हणाले. "यात साडेसदतीस म्हणजे साडेसदतीस."

"ती दरवर्षी बसते की," यशोदाबाई म्हणाल्या.

"बसते गं. पण दोन पिल्लं निघतात, तीन निघतात. मी सातची सात काढून दाखवतो. आणि अंडी काढून घेतली की ती पुन्हा घालते."

पुढचे तीस दिवस त्या घरात शिफ्ट सुरू झाली. भिंतीवर लॉगबुक टांगलं. दर दोन तासांनी नोंद, दिवसातून पाच वेळा अंडी उलटायची. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने १, दुसऱ्या बाजूला २. केंद्रात असा नियम असतो म्हणे की पुढच्या पाळीचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' अशी सही करत नाही तोवर आधीच्याने खुर्ची सोडायची नाही. इथे पुढच्या पाळीला कुणी नव्हतं. यशोदाबाईंनी एकदा विचारलं, "मी बघू का तासभर?" तर म्हणाले, "तुला काटा वाचता येतो, पण सवय नाही." त्यामुळे महिनाभर खुर्ची एकट्याचीच राहिली. लग्नाला गेले नाहीत, दाढी दोनदाच केली. मला वही दाखवायला भिंतीशी आणली होती. पानंच्या पानं एकच आकडा, साडेसदतीस. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, इतकी स्वच्छ वही क्वचित पाहिली.

तिसावा दिवस गेला, एकतिसावा गेला, तेहेतिसावाही गेला. एकही अंडं फुटलं नाही. चौतिसाव्या दिवशी त्यांनी स्वतः एक फोडून पाहिलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पंखासकट, चोचीसकट, आणि मेलेलं. सातांपैकी सहांत तसंच. यशोदाबाईंनी ती शेवग्याखाली पुरली. दोन दिवस त्या झुंबररावांशी बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवायच्या आणि मालनशी बोलायला मागे जायच्या.

एवढं खरं की झुंबररावांचा अंदाज एका बाबतीत बरोबर निघाला. मालनने पुन्हा अंडी घातली. सहा. पंधरा मार्चला ती त्यांच्यावर बसली. शेवग्याजवळ पोत्यांच्या आडोशाला गवत आणि स्वतःची पिसं घालून तिने जागा केली होती. यशोदाबाईंनी तिच्याभोवती विटा मांडल्या आणि नवऱ्याला सांगितलं, "याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही."

"मी कशाला टाकतो."

"आणि ते तुमचं यंत्रही मागे आणायचं नाही."

"ते चालत येतं का?"

बारा दिवस सगळं छान चाललं होतं. तेराव्या दिवशी, म्हणजे सत्तावीस मार्चला, झुंबररावांना विहारातला एक दिवा लावायचा होता. जयंतीच्या रोषणाईचं काम गेली वीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. आडवी शिडी पुढच्या दारातून निघत नाही, म्हणून त्यांनी मागचं फाटक उघडलं, शिडी बाहेर काढली आणि खांद्यावर घेऊन निघाले. खांद्यावर शिडी असलेला माणूस मागे वळून कडी लावू शकत नाही. परत येऊन लावू असं त्यांनी ठरवलं असणार. यशोदाबाई नळाला पाणी आलं म्हणून पुढे होत्या.

अकराच्या सुमाराला मी ओरडा ऐकला. हवालदाराचा आवाज ओळखीचा होता, पण आजचा वेगळा होता. मी भिंतीशी गेले तेव्हा नाल्याकडची तीन कुत्री अंगणात होती. हवालदार दोघांशी लढत होता, त्याचा एक पंख लोंबत होता. तिसऱ्याने मालनला पाण्याच्या टाक्याजवळ गाठलं होतं. यशोदाबाई बादली घेऊन धावल्या, मी इकडून कुंडीची वीट फेकली. कुत्री गेली. मालन गेली होती.

झुंबरराव आले आणि त्यांनी आधी फाटक पाहिलं, मग मालनला. म्हणाले, "फाटक मी उघडं टाकलं." कुणी विचारण्याआधीच. लॉगबुकात लिहायची सवय ती हीच असावी.

यशोदाबाई विटांच्या आत गेल्या. मारामारीत एक अंडं फुटलं होतं. पाच शाबूत होती आणि उन्हामुळे अजून कोमट होती. त्यांनी ती पदरात घेतली. मी म्हटलं, "भागुबाईंकडे खुडूक कोंबडी आहे का विचारू?" भागुबाई आमच्या कॉलनीच्या टोकाला राहतात, मूळच्या पेठकडच्या, कोंबड्या पाळतात.

"कोंबडीच्या पोटाखाली ही दोन मावतील, बाई," यशोदाबाई म्हणाल्या. "उरलेल्या तिनांचं काय?"

मग त्या पदर धरून घरात गेल्या आणि त्या फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. ज्या माणसाने आधीची सात घालवली आणि आज फाटक उघडं टाकलं, त्याच्याच हातात ही पाच द्यायची होती. मालनची आधीची पिल्लं मोठी झाल्यावर वाटली गेली होती; घरात तिचं आता एवढंच उरलं होतं, त्या पदरात. मी दारात उभी होते. मला वाटलं, त्या रडतील किंवा भांडतील. त्या फक्त म्हणाल्या,

"ठेवते. पण मालन करायची तसं करायचं."

"म्हणजे कसं?" झुंबररावांनी विचारलं.

"ती रोज उठायची. एकदा. अंडी पिसांनी झाकायची, टाक्यावर जायची, डुंबायची, चार दाणे खायची आणि ओलीच येऊन बसायची. तुमची सात अंडी महिनाभरात एकदाही हवेवर आली नाहीत. एकदाही ओली झाली नाहीत."

"अगं, उठली की तापमान पडणार. तापमान पडणं म्हणजे चूक."

"मग ती बारा दिवस रोज चूक करत होती का? आणि गेल्या तिन्ही वर्षी?"

झुंबररावांनी बल्ब लावले, वाटीत पाणी भरलं, काटा वर चढेपर्यंत पाहत उभे राहिले. काटा जागेवर आल्यावर ते बोलले, आमच्याशी नव्हे, यंत्राशी बोलल्यासारखे.

"शेवटी शेवटी पिल्लू मोठं होतं. त्याची स्वतःची ऊब असणार. म्हणजे आतून जाळ, आणि बाहेरून मी दिलेला जाळ. मधे हवा जायला वाटच ठेवली नव्हती मी." मग वळून म्हणाले, "किती वाजता उठायची?"

"अकराला. नळाचं पाणी टाक्यात पडायला लागलं की."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावून बसत होते? ती उठली की मी चुलीवर तवा टाकायची. चौथी भाकरी तव्यावरून निघेपर्यंत ती परत बसलेली असायची."

यशोदाबाई अजूनही मागच्या पडवीत चुलीवर भाकरी करतात. गॅसवरची त्यांना मिळमिळीत वाटते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता झुंबरराव हातात घड्याळ घेऊन चुलीजवळ पाटावर बसले. त्यांना भाकरीतलं काही कळत नाही, पण वेळेतलं सगळं कळतं. पीठ मळण्यापासून मोजायचं की थापण्यापासून, यावर दोघांचं थोडं झालं. थापण्यापासून ठरलं. चार भाकऱ्यांना सतरा मिनिटं लागली. लॉगबुकात नवा रकाना आखला गेला आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'चार भाकऱ्या'.

त्याच दिवशी त्यांनी मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. खोलीत अंधार केला होता. चारांत लाल शिरांची जाळी दिसली आणि त्या जाळीत काहीतरी हललं. पाचव्यात नुसता उजेड. ते बाजूला काढलं. उरली चार.

अंड्यांची पहिली 'सुट्टी' त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, ती मी पाहिली आहे. अंडी बाहेर ताटात मांडली, कोमट पाण्याचा फवारा मारला. फ्रिजचं दार उघडंच ठेवलेलं. काटा साडेसदतीसवरून निघाला. छत्तीस. पस्तीस. झुंबररावांचा हात दोनदा दाराकडे गेला.

"दुसरीच आहे," पडवीतून यशोदाबाईंचा आवाज आला.

चौतीस. "थापतेस की कोरतेस?"

"थापतेय. तुम्ही बाहेर जा बघू."

ते खरोखर बाहेर गेले. चौतीस वर्षं ज्याने काटा पडू दिला नाही, त्याने शेवग्याखाली उभं राहून तो पडू दिला. चौथी भाकरी निघाली, यशोदाबाईंनी अंडी आत ठेवली, दार लावलं. काटा हळूहळू वर आला आणि आपल्या जागेवर थांबला. झुंबररावांनी आत येऊन तो पाहिला आणि वहीत लिहिलं. मला म्हणाले, "येतो परत. म्हणजे यंत्र चांगलं आहे." पराभवातही त्यांनी यंत्राची बाजू सोडली नाही, हे मला आवडलं.

नंतर त्यांना सवय झाली. काही दिवसांनी तर अकराला पाच मिनिटं कमी असतानाच हाक यायची, "तवा टाकला का?" कॉलनीत बातमी पसरली. विहारातली मंडळी त्यांना विचारायची, "काका, आज किती भाकऱ्या?" ते गंभीरपणे सांगायचे, "चारच. रोज चार." दोघांच्या घरात रोज चार भाकऱ्या संपत नाहीत, त्यामुळे त्या पंधरवड्यात मी फार चांगलं जेवले.

या काळात हवालदार गप्प होता. पंखाला हळद बांधलेली. पोस्टमन एकदा नजरचुकीने आत आला, तरी त्याने मान वर केली नाही. दिवसभर टाक्याजवळ एकाच जागी उभा राहायचा. यशोदाबाई त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करत, पण तो मालनसारखा बोलणारा नव्हता.

मालन बसल्यापासूनच्या सत्ताविसाव्या दिवशी सुट्टी बंद झाली. अंडी उलटणंही बंद. आता दारच उघडायचं नाही, आतला दमटपणा टिकायला हवा. बारा एप्रिलला दोघंही काचेला नाक लावून होते. तेरा एप्रिलला सकाळी एका अंड्यावर बोटाच्या नखाएवढी चीर दिसली. आतून बारीक शीळ ऐकू आली. दुपारपर्यंत दुसऱ्यावर चीर, तिसऱ्यावर चीर.

आणि मग काहीच नाही. संध्याकाळी भोक तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी जयंती. सकाळी सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघाली. रोषणाई झुंबररावांनी आदल्या दुपारीच पुरी केली होती, पण वंदनेला न जाण्याची ही त्यांची पहिली वेळ. मी निरोप द्यायला गेले, तर यशोदाबाई पांढरी साडी नेसून फ्रिजसमोर उभ्या, हातात ओला बोळा.

"बाई, सांगा यांना. काल सकाळपासून पिल्लू चोच बाहेर काढून बसलंय. दमलंय ते. मी नुसतं कवच सोलते. चार बोटांचं काम आहे. मागच्या वेळी वाट पाहत बसले आणि सात गेली."

"नाही सोलायचं," झुंबरराव म्हणाले.

"मागे माझं ऐकलं असतं तर..."

"मागे तुझंच बरोबर होतं. आता माझं ऐक." आवाज चढला नव्हता. मला वाटतं कंट्रोल रूममध्ये ते असेच बोलत असतील. "थंड पडलेला बॉयलर पेटवला तर वाफ द्यायला दहा-दहा तास घेतो. साहेब मागे उभे राहायचे, 'गांगुर्डे, वाढवा, वाढवा.' वाढवता येतं. पण पत्रा एकदम तापला की तडकतो. आत काम चालू असतं, बाहेरून दिसत नाही एवढंच. त्या कवचाच्या आत अजून रक्त वाहतंय. ते पिल्लाच्या अंगात गेलं की पिल्लू आपण होऊन निघेल. आज सोललंस तर ते रक्त तुझ्या हाताला लागेल."

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला पिल्लांतलं काही कळत नव्हतं, पण माणसांतलं थोडं कळतं. मी म्हटलं, "ते घाबरलेले दिसत नाहीत."

"ते कधीच घाबरलेले दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "तेव्हाही नव्हते." पण त्यांनी बोळा खाली ठेवला. खुर्ची ओढून त्या नवऱ्याशेजारी बसल्या. वंदनेला त्याही गेल्या नाहीत.

मी साडेदहाला परत आले. मला पाहून झुंबररावांनी नुसतं बोट ओठावर ठेवलं. पहिल्या अंड्याचं भोक आता कडेकडेने फिरायला लागलं होतं, डबा उघडणीने डबा कापावा तसं. अर्धं फिरलं, थांबलं. पाऊण फिरलं. मग अंड्याचं टोपण उचललं गेलं आणि एक ओलं, पिवळट, अजागळ काहीतरी बाहेर पडून पसरलं. यशोदाबाईंनी वेळ विचारली. अकरा वाजून दहा मिनिटं. "टाक्यावर जायची वेळ," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

दुपारपर्यंत दुसरं निघालं, चारच्या सुमाराला तिसरं. चौथ्यावर शेवटपर्यंत चीर आली नाही. झुंबररावांनी ते आणखी दोन दिवस आत ठेवलं, कान लावून पाहिलं, उजेडावर पाहिलं, आणि मग वहीत तेही लिहिलं. ते शेवग्याखाली गेलं. पाच पदरात आली होती, तीन निघाली. "मालनही तीनच काढायची," यशोदाबाई म्हणाल्या, आणि तो टोमणा होता की शाबासकी, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही.

सतरा तारखेला पिल्लांना पहिल्यांदा अंगणात आणलं. त्याआधी झुंबररावांनी बल्ब विझवले आणि लॉगबुक भिंतीवरून काढलं. शेवटच्या पानावर लिहिलं, 'तीन पिल्लं, प्रकृती चांगली. चार्ज दिला, झुं. गांगुर्डे.' मग वही आणि पेन यशोदाबाईंपुढे धरलं.

"हे काय?"

"सही कर. पुढची पाळी तुझी. सहीशिवाय मला उठता येत नाही."

त्यांनी हसत हसत, पण नीट सही केली. 'चार्ज घेतला, यशोदा गांगुर्डे.' तिन्ही पिल्लं तोवर झुंबररावांच्या चपलांभोवती घोटाळत होती; काचेतून त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ तोच चेहरा पाहिला होता. ते एक पाऊल सरकले की तिघं सरकत.

हवालदार टाक्याजवळून पाहत होता. तो चालायला लागला तेव्हा यशोदाबाई मध्ये जायला निघाल्या, पण झुंबररावांनी त्यांचा हात धरला. हवालदाराने मान जमिनीलगत लांब केली, पिल्लांना एकेक करून चोचीने हुंगल्यासारखं केलं आणि घशातून एक आवाज काढला. मी तो चार वर्षांत कधी ऐकला नव्हता. भांडी घासताना मालन पुटपुटायची, साधारण तसा. मग तो वळला आणि शेवग्याच्या सावलीकडे निघाला. पिल्लं क्षणभर चपलांपाशी थांबली. मग एक निघालं, त्यामागे दुसरं, मग तिसरं.

"घ्या," यशोदाबाई म्हणाल्या. "दहा मिनिटंही झाली नाहीत माझ्या पाळीला. आता याची सही कशी घेणार?"

झुंबररावांनी वही उघडून थोडा वेळ खरोखर विचार केला. मग ते उठले, मागच्या फाटकापर्यंत गेले, कडी हलवून पाहिली, आणि परत येऊन दोघांच्या सह्यांखाली लिहिलं, 'फाटक बंद. स्वतः पाहिलं.'